नवीन रूप कसं वाटलं?

आमच्या घरात दोन नियम होते. ह्यांच्या कॉम्प्युटरला ह्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि ह्यांचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. दोन्ही नियम ह्यांनीच घातले होते आणि दोन्ही मी मोडले. पहिला त्या दुपारी, दुसरा त्यानंतर आठव्या दिवशी.

ह्यांचं सलून होतं, एकतीस वर्षं. हात कमी आणि तोंड जास्त चालतं असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि तरी येऊन ह्यांच्याच खुर्चीत बसायची. ह्यांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, डोकी राहायची. घरी येऊन सांगायचे, आज चपटं डोकं आलं होतं, आज तो भोवरा आला होता. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी त्या भोवऱ्याचंच अर्धं डोकं कापून झालं होतं आणि हे कात्रीसकट खाली बसले. मेंदूतली एक शीर गेली. भोवरा तसाच, अर्धे केस लांब आणि अर्धे आखूड घेऊन, तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होता. तेव्हापासून तो आमच्या घरचा झाला.

हे वाचले, पण मान थोडीशी डावीकडे वळते आणि डोळे वर-खाली होतात, एवढंच उरलं. बाकी सगळं शरीर जागच्या जागी आहे आणि संपावर आहे. डोकं मात्र पूर्वीइतकंच चालतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, हे मी पहिले काही महिने ह्यांच्या डोळ्यांत रोज बघत होते. वर बघितलं की हो, डोळे मिटले की नाही. एवढ्या बोलक्या माणसाकडे दोनच शब्द राहिले होते.

मग भोवऱ्यानं कॉम्प्युटर आणून बसवला. त्याचा धंदाच तो, दुरुस्तीचा. एका संस्थेकडून एक प्रोग्रॅम मिळाला. पडद्यावर अक्षरांच्या ओळी, त्यांच्यावरून एक उजेड आपोआप सरकत जायचा. हवी ती ओळ उजळली की ह्यांनी गालानं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर उजळलं की पुन्हा दाबायचं. बटण उशीला चिमट्यानं लावलेलं. ते गालाला टोचायचं म्हणून मी त्याला मऊ कापडाचा अभ्रा शिवला. मी कपडे आखूड-सैल करून देते, खिडकीपाशी माझं शिवणयंत्र आहे, तेवढं मला जमतं. वाक्य तयार झालं की मशीन ते मोठ्यानं म्हणायचं. आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी बोलतंय. आम्ही त्याला खडखड्या म्हणायचो. पहिल्या महिन्यात मला तो ऐकवेना. दुसऱ्या वर्षी मुलगी म्हणाली, आई, मला बाबांचा खरा आवाज आठवेनासा झालाय, खडखड्याच आठवतो. खरं सांगायचं तर मलाही.

एका लहान वाक्याला दहा मिनिटं लागायची. पण तयार वाक्य साठवून ठेवता यायचं, मग ते दोन दाबांत बोलता यायचं. नऊ वर्षांत चारशे बारा वाक्यं साठली. उशी डावीकडे. पंखा कमी. तुझ्या यंत्राची सुई माझ्या कानात शिरतेय. गिऱ्हाईक नाही पण दुकान उघडं आहे. तू आत्ता अगदी तुझ्या आईसारखी बोललीस. आज बरी दिसतेस. हे शेवटचं वाक्य वर्षातून दोनदा वाजायचं, आणि कधी वाजेल याचा नेम नसायचा.

दुसरा नियम माझ्या दिरामुळे आला. एकदा भाऊजी भेटायला आले होते. पडद्यावर 'पाणी' एवढं उमटलं आणि त्यांनी लगेच चमच्यानं ह्यांच्या तोंडात पाणी घालायला सुरुवात केली. हे डोळे मिटतायत, भाऊजी म्हणतायत, लाजू नकोस रे, घे. ठसका लागून ह्यांचा जीव जायची वेळ आली. नंतर वाक्य पुरं झालं ते असं, पाणी नको, नाकात जातं. त्या दिवशी उरलेली सगळी दुपार खर्च करून ह्यांनी नियम लिहिला आणि खडखड्यानं तो खणखणीत वाचून दाखवला. भाऊजी अजून त्या खोलीत हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

आता त्या दुपारचं सांगते.

तीन महिन्यांपासून पडद्यावर एक निळी चौकट यायची. नवीन आवृत्ती तयार आहे. खाली दोन बटणं, 'आता घ्या' आणि 'नंतर'. चौकट यायची ती नेमकी अक्षरांच्या डोक्यावर. मग तो सरकता उजेड 'नंतर'पर्यंत पोहोचेतो ह्यांनी वाट बघायची, गाल दाबायचा, आणि आपलं वाक्य कुठवर आलं होतं ते पुन्हा शोधायचं. त्या दिवशी एकाच वाक्यात ती तीन वेळा आली. ह्यांचा चेहरा लाल झाला, मानेवर घाम आला, आणि शेवटी वाक्य अर्धवट सोडून ह्यांनी डोळे मिटून घेतले.

झोपले, असं मला वाटलं. तो दिवस बटणाचा अभ्रा धुण्याचा होता. मी उशीचा चिमटा काढला, अभ्रा काढून मोरीत चोळला, आणि तो पिळत पिळत बाहेर आले तर निळी चौकट चौथ्यांदा हजर. मला रागच आला. मी मुळात धसमुसळी. गाठ सुटत नसली की मी कात्री घेते. म्हटलं, हा माणूस तीन महिने गालानं नंतर नंतर म्हणतोय, एकदाचं हो म्हणून टाकू, कटकट तरी मिटेल. पडद्यामागे गुंडाळून ठेवलेला माउस मी काढला. डाव्या हातात ओला अभ्रा, उजव्या हातात माउस. बाण 'आता घ्या'वर नेला.

पाठीमागून ह्यांच्या घशातून आवाज आला. झोपेत कधीकधी येतो तसा, दार करकरल्यासारखा. मी वळले नाही. "झोपा हो, झालंच," म्हटलं, आणि दाबलं.

दीड तास पडदा काळा होता, मधे एक गोल फिरत होता. मी एका पँटचे पाय आखूड करत बसले. मग उजळला. खरं बोलायचं तर पहिल्यांदा मला आवडलं. मोठं तळं, मागे डोंगर, पाणी इतकं स्वच्छ की आपण तोंड धुवावं. सगळ्या चौकटींचे कोपरे गोल केलेले, अक्षरं टवटवीत, खाली चित्रांची रांग मधोमध आणून ठेवलेली. वर लिहिलेलं, स्वागत आहे, तुमच्या सगळ्या फायली होत्या तिथंच आहेत. मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरत होतो. हे उठले की चकित होतील.

अभ्रा वाळला होता. तो बटणावर चढवून मी चिमटा उशीला लावला. ह्यांनी डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं, मग गाल दाबला.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबला, आणि पुन्हा. अक्षरांच्या ओळी कुठेच नव्हत्या. तळं होतं, डोंगर होता. आणि मग डोंगरावर एक पांढरी चौकट उमटली, 'नवीन रूप कसं वाटलं?' खाली पाच तोंडं, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ह्यांनी गाल दाबला, दाबला, दाबतच राहिले, कातडी लाल होईपर्यंत, आणि ती पाच तोंडं तशीच ह्यांच्याकडे बघत होती. मी बटणाची वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. फुंकर मारली. पडद्यावर एक ओळ आली, हे उपकरण ओळखता आलं नाही. नऊ वर्षं ज्या बटणानं आमचं घर बोलत होतं, ते त्याला ओळखताच येईना.

माझ्या तोंडातून काय निघालं, तर "अहो, हे आपोआपच झालं वाटतं."

भोवरा बाहेरगावी गेला होता, आठवडाभर येणार नव्हता. मी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे, बापासारखी बोलकी आणि माझ्यासारखी तापट.

"आपोआप होत नाही आई," ती म्हणाली. "ते विचारतं. कुणीतरी हो म्हटल्याशिवाय होत नाही."

फोन स्पीकरवर होता. हे ऐकत होते. मी म्हटलं, "ह्यांच्याच गालानं दाबलं गेलं असेल. आज दहादा ती चौकट येत होती."

मी हे ह्यांच्यासमोर म्हटलं. ह्यांच्यापासून दोन हातांवर उभं राहून. ज्याचं तोंड मीच बंद केलं होतं, त्याच्याच माथी मारून मोकळी झाले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही दाबलंत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग डोळे वर केले. हो.

"हो म्हणतात," मी सांगितलं. आवाज माझाच होता.

"असू दे बाबा," मुलगी म्हणाली. "होतं असं. मी सुट्टी मिळाली की येते."

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. मनाशी हिशेब असा केला, की हे झोपेत होते, काय झालं ते ह्यांना ठाऊक नाही, त्यामुळे ह्यांना खरंच वाटत असेल की आपल्याच गालानं घोळ केला. म्हणजे खोटं असं फारसं झालं नाही. चोर आपल्या सोयीचा न्याय करतो तो असाच.

पुढचे दिवस मला कुणी परत दिले तर मी घेणार नाही. सकाळी उठल्यापासून माझे प्रश्न सुरू. उशी? डोळे मिटलेले. पंखा? मिटलेले. पाठ खाजते? लघवी? ऊन येतंय? कुणाची आठवण येते? मी चाळीस-चाळीस प्रश्न विचारायची, आणि एकेचाळिसावा मला सुचायचा नाही. ह्यांना काहीतरी सांगायचं होतं, एवढं दिसत होतं. नजर माझ्यावरून पडद्यावर जायची, पडद्यावरून माझ्यावर. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. नऊ वर्षांत हे कधी रडले नव्हते. मी पुसत राहिले, ते येत राहिलं. पुसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं आणि ते पाणी कशाचं आहे हे विचारायला वाक्य नव्हतं.

घर इतकं शांत झालं की माझ्या शिवणयंत्राचा मलाच त्रास व्हायला लागला. सुई कानात शिरतेय, असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी मुद्दाम जोरात पायडल मारायची. पडद्यावरचं तळं रोज बदलायचं. एक दिवस वाळवंट, एक दिवस फुलं. आणि रोज ती पांढरी चौकट, नवीन रूप कसं वाटलं? मी एकदा रडक्या तोंडावर दाबलं. लगेच उत्तर आलं, धन्यवाद, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

चौथ्या दिवशी मी आगीतून फुफाट्यात गेले. पडद्यावर नवीच सूचना आली. जागा कमी आहे, जुन्या आणि नको असलेल्या फायली साफ करा. मी ते वाचलं आणि मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. शिवणयंत्र अडलं की शिवणारा माणूस पहिलं काम काय करतो? झाकण उघडून आतला कचरा काढतो. धाग्यांचे तुकडे, धुळीचे पुंजके, सुईखाली दडून बसलेली कापडाची लव. तेवढं काढलं, तेलाचा एक थेंब टाकला, की दहातली नऊ यंत्रं पुन्हा पळतात. चाळीस वर्षं मी हेच करत आले. म्हटलं, याच्या पोटातही जुना कचरा अडकला असेल, म्हणून बटण चालत नसेल. ह्यांना सांगून केलं या वेळी. "साफ करते हो," म्हटलं. ह्यांनी डोळे मिटले. नाही. पुन्हा मिटले, घट्ट. "अहो, कचराच आहे," मी म्हटलं, आणि दाबलं. खूप वेळ काहीतरी पुसलं जात होतं. शेवटी हिरवी खूण आली आणि मला खरंच वाटलं की आता चालेल.

चाललं नाही.

सातव्या दिवशी सकाळी मुलगी आली आणि दुपारी भोवरा. तो चपला काढतानाच म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. दादा, तुम्हीपण. या नव्या सिस्टीमला दहा दिवसांची सवलत असते. दहा दिवस ती जुनं सगळं एका कपाटात जपून ठेवते. आवडलं नाही तर मागे जायचं. जसंच्या तसं. तुमची वाक्यंसुद्धा."

मी भिंतीला टेकले. सात दिवसांत पहिल्यांदा मी नीट श्वास घेतला. मुलीनं बापाचा हात धरला. ह्यांचे डोळे पडद्यावर खिळले होते.

भोवरा खुर्चीत बसला, काहीतरी उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पुढे वाकला. त्याच्या डोक्यावरचा तो भोवरा मला दिसत होता, आता विरळ झालेला.

"कपाट रिकामं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"कुणीतरी साफ केलंय. तीन दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमाराला." तो पडद्याकडेच बघत होता. "साफ करू का म्हणून ते विचारतं. हो म्हटलं की गेलं."

"बाबांनी चुकून..." मुलगी म्हणाली आणि थांबली. तिच्या लक्षात आलं. बटण तर पहिल्याच दिवशी बंद पडलं होतं. ती माझ्याकडे वळली. "आई?"

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या. निळी चौकट, ओला अभ्रा, माउस, आणि चौथ्या दिवशीचा कचरा. फोनवर काय बोलले तेही. मधे एकदा ह्यांच्याकडे पाहायचा प्रयत्न केला, पण पाहवलं नाही, म्हणून जमिनीकडे बघून बोलले.

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "चूक कुणाकडूनही होते, आई," ती म्हणाली. "पण तू बाबांवर ढकललंस. ज्यांना उलटून बोलता येत नाही त्यांच्यावर." आणि ती जिन्यात जाऊन उभी राहिली.

भोवऱ्यानं संध्याकाळपर्यंत हातपाय मारले. जुनी सिस्टीम नव्यानं टाकता येईल, तो म्हणाला, पण ह्यांचा प्रोग्रॅम सुरू करायला तो बनवणाऱ्या कंपनीचा परवानगी नंबर लागतो, आणि ती कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली. पुसलेली वाक्यं शोधायचं एक हत्यार त्यानं चालवलं. सापडलं ते नुसत्या चुऱ्यासारखं, कुठे अर्धा शब्द, कुठे नुसत्या खुणा. चारशे बारांतलं एकही वाक्य धड निघालं नाही. दुसरा एक नवा प्रोग्रॅम त्यानं दाखवला, डोळ्यांनी चालणारा. त्यासाठी लागणारा कॅमेरा यायला तीन आठवडे लागतील म्हणाला. "आवाज तरी ऐकून घ्या दादा," म्हणून त्यानं एक बटण दाबलं.

"नमस्कार," एक भरदार, गुळगुळीत पुरुषी आवाज म्हणाला. "आपल्याला भेटून आनंद झाला."

ह्यांनी डोळे मिटले. भोवऱ्यानं दुसरा आवाज लावला. मग तिसरा. ह्यांनी डोळे उघडलेच नाहीत. शेवटी भोवरा उठला, ह्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. माझा नवरा त्या दिवशी दुसऱ्यांदा मुका झाला, आणि या वेळी शीर वगैरे काही गेली नव्हती. बायको होती.

आठव्या दिवशी सकाळी मुलगी औषधं आणायला गेली. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी शिवणाच्या कपाटावरचा जुना खोका उतरवला, त्याचा पुठ्ठा कापला आणि जाड पेनानं त्याच्यावर अक्षरं लिहिली. वर स्वर, मग क ची ओळ, च ची, ट ची, त ची, प ची, मग उरलेली, आणि सगळ्यात खाली काना, मात्रा, वेलांट्या. शाळेत शिकलो तशी. मशीन बंद पडलं तेव्हाच हे का सुचलं नाही, असं कुणी विचारेल. सात दिवस मला ते मशीनच दुरुस्त करायचं होतं. ते दुरुस्त झालं असतं तर माझं खोटंही झाकलं गेलं असतं.

मी पलंगाशेजारी बसले. पडद्यावर कुठलंसं जंगल होतं.

"मी ओळीवरून बोट फिरवते," मी म्हटलं. "हवी ती आली की वर बघा. काय वाटेल ते बोला. शिव्या दिल्यात तरी चालेल."

ह्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्याकडे.

स्वर. क. च. डोळे वर गेले. च, छ, ज, झ. डोळे वर. झ. मी मांडीवर घेतलेल्या पाटीवर खडूनं लिहिलं. मग मात्रांच्या ओळीत काना-मात्रा. झो. मग प ची ओळ, पहिलंच अक्षर.

झोप.

मला भरून आलं. आठ दिवस हा माणूस नीट झोपला नव्हता, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि मी त्याला विचारलेल्या शेकडो प्रश्नांत हा एक नव्हता. "हो हो, झोपा," मी म्हटलं, पुठ्ठा बाजूला ठेवला आणि पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करायला दांडा फिरवू लागले.

ह्यांनी डोळे मिटले. उघडले. मिटले. घट्ट, पुन्हा पुन्हा, चौथ्या दिवशी मिटले होते तसे. तेव्हा मला भाऊजींचा चमचा आठवला. मी ह्यांचं वाक्य पुरं करून टाकलं होतं. दांडा उलटा फिरवून मी ती बाजू पुन्हा वर केली. "चुकलं," म्हटलं. पुठ्ठा उचलला.

पुढचं अक्षर शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. मग पुन्हा काना-मात्रा. झोपलो. मग त ची ओळ, शेवटचं अक्षर. न. मी काही अंदाज केला नाही. ओठ घट्ट मिटून एकेक अक्षर पाटीवर उतरवत गेले. बारा मिनिटं लागली असतील.

झोपलो नव्हतो.

मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण ह्यांचं बोलणं नेहमी मोठ्यानंच व्हायचं. आणि वाचता वाचता तो आवाज मला पुन्हा ऐकू आला, पाठीमागचा, दार करकरल्यासारखा. हे जागे होते. मी माउस काढला ते बघत होते, बाण 'आता घ्या'वर नेला ते बघत होते, आणि ह्यांच्याकडे जेवढा म्हणून आवाज उरला होता तेवढा सगळा काढून मला थांब म्हणत होते. गाल दाबून ओरडायला ह्यांचं बटण जागेवर नव्हतं. ते मी काढलं होतं, धुवायला. आणि मी वळूनसुद्धा न बघता म्हटलं होतं, झोपा हो, झालंच.

आणि तरी मुलीनं विचारलं तेव्हा ह्यांनी डोळे वर केले होते.

"'हो' का म्हणालात?" मी विचारलं. "तिला 'हो' का म्हणालात?"

जिन्यात मुलीच्या चपलांचा आवाज आला. पडद्यावरच्या जंगलात पांढरी चौकट उमटली, नवीन रूप कसं वाटलं, आणि तिची पाच तोंडं आमच्याकडे बघत राहिली. ह्यांनी तिकडे पाहिलं नाही. ह्यांची नजर पुठ्ठ्यावर होती, वाट बघत. मी डोळे पुसले, तोंड बंद ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.